श्रीवर्धनची वाट

नकाशात कोकणचा किनारा पाहिलात, तर तुम्हाला एक उभी रेघ दिसेल. वर मुंबई, खाली गोवा आणि डाव्या हाताला अरबी समुद्र. नकाशा पाहून वाटते, या रेघेवरून मोटारसायकल सोडली, की एका दमात खाली पोचू. पण ही रेघ जागोजागी तुटलेली आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद होतात. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी त्यांच्यात आत शिरते आणि त्यांच्या खाड्या होतात. धरमतरची खाडी, कुंडलिकेची खाडी, राजपुरीची खाडी, पुढे सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या. त्या ओलांडल्याशिवाय किनाऱ्याने खाली जाता येत नाही. कुठे पूल आहे, तर कुठे होडीच आहे. म्हणून या वाटेवर सगळेच प्रवाशाच्या हातात नसते. थोडे रस्त्याच्या हातात असते, थोडे होडीच्या आणि पुष्कळसे हवेच्या.

या वाटेने मी २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात माझ्या एका जुन्या मित्राबरोबर मोटारसायकलवरून गेलो. तो मूळचा श्रीवर्धनचा. तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकलेला. नोकरीसाठी मुंबईला आला आणि तिथेच स्थायिक झाला. श्रीवर्धनला त्याच्या वडिलांची पोफळीची वाडी आहे. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. ही वाडी विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आले होते. त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. मित्राचा थोरला भाऊ आखातात नोकरीला आहे. त्याने फोनवरून सांगितले होते, "चांगली किंमत येते आहे, देऊन टाका." वडील मात्र म्हणाले होते, "तू एकदा ये, वाडी पाहा आणि मग काय ते सांग." गिऱ्हाइकाला सोमवारी उत्तर हवे होते. आम्ही शनिवारी सकाळी निघालो.

आता तुम्ही विचाराल, मोटारसायकल कशाला? एस.टी.ची बस नव्हती का? होती. पण मित्राला किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे होते. तो म्हणाला, "बसमध्ये मला झोप लागेल. मला विचार करायचा आहे."

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी बोट २०२० सालापासून सुरू झाली. तिच्या पोटात मोटारी आणि मोटारसायकली उभ्या करतात आणि माणसे वर बसतात. तासाभरात पलीकडचा किनारा येतो. सकाळी आकाश निळे होते. पावसाचे नावही नव्हते. मित्राने तरी दोन रेनकोट, एक जुनी चादर आणि प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. मी हसलो. तो म्हणाला, "आज कोणती तारीख? ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अजून हस्त नक्षत्र संपलेले नाही. आमच्याकडे जाता पाऊस सांगून येत नाही."

मुलांनो, हा जाता पाऊस समजून घेण्यासारखा आहे. जून महिन्यात नैर्ऋत्येकडून वारे येतात आणि पाऊस आणतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे वारे माघारी फिरू लागतात. ऊन कडक होते, जमीन तापते. पण हवेत समुद्राची वाफ भरपूर असते. तापलेली दमट हवा वर चढते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे, ती या हवेला आणखी वर ढकलते. वर गेल्यावर हवा थंड होते आणि दुपारनंतर काळे, उंचच उंच ढग तयार होतात. म्हणून या दिवसांत सकाळ स्वच्छ असते आणि दुपारी ढगांचा गडगडाट होतो. पाऊसही सगळीकडे सारखा पडत नाही. एका गावात रस्ता भिजून चिंब असतो आणि दोन मैलांवरच्या गावात अंगणात धान वाळत असते.

तुमच्या लक्षात आले का, आपण या वाऱ्यांना मोसमी वारे म्हणतो. हा मोसम म्हणजे तुमचाच मौसम. मूळ शब्द अरबी आहे. अरब खलाशी याच वाऱ्यांवर शिडे उभारून आपल्या किनाऱ्याला येत आणि वारे उलटे फिरले, की परत जात. इंग्रजीतला मान्सून हा शब्दही याच मौसमापासून झाला. कोकणच्या किनाऱ्यावर असे किती तरी शब्द तुम्हाला भेटतील. बंदर, दर्या, किनारा, तुफान, खलाशी हे सगळे शब्द बाहेरून आले आणि मराठीत घरच्यासारखे राहिले. होडीच्या मालकाला कोळी लोक नाखवा म्हणतात. हा फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. मराठी शिकताना हे शब्द तुम्हाला परके वाटायचे कारण नाही.

मांडव्याहून आम्ही अलिबागला आलो. तिथे समुद्रात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीच्या वेळी त्याच्यापर्यंत चालत जाता येते आणि भरतीच्या वेळी तो पाण्याने वेढला जातो. याच गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बदल तिथे मोजले जातात. ही वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा विजेमुळे मोजमापात बिघाड होईल म्हणून १९०४ साली तिचे काम अलिबागला सुरू झाले. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला, की काही कामांना शांत जागा लागते. मित्र म्हणाला, "म्हणून तर लोक आमच्याकडे खोल्या बांधायला येतात." आणि मग तो गप्प झाला.

अलिबागच्या पुढे चौल आणि रेवदंडा ही गावे लागतात. रस्ता नारळी-पोफळींच्या बागांमधून जातो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्यावर हिरवे शेवाळ आणि वर झाडांची दाट सावली. आज चौल हे शांत गाव आहे. पण एके काळी ते मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. इथून अरबस्तान, इराण आणि आफ्रिकेशी व्यापार चाले. पुढे बंदर मागे पडले आणि बागा राहिल्या.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि हवा बदलली. वारा एकदम थांबला. अंगाला चिकटणारा उकाडा सुरू झाला. डाव्या हाताला डोंगरामागे ढगांचा एक पांढरा ढीग वर वर चढत होता. उजवीकडे समुद्रावर मात्र लख्ख ऊन होते. कोर्लईचा किल्ला त्या उन्हात सोन्यासारखा दिसत होता. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात काही कुटुंबे आजही पोर्तुगीज भाषेतून तयार झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज गेले, त्यांचा किल्ला पडका झाला; पण त्यांची भाषा गावातल्या आयांनी आपल्या मुलांच्या तोंडात जपून ठेवली.

काशीदच्या अलीकडे पावसाने गाठले. सर आली ती उन्हातच. ऊन आणि पाऊस एकत्र आले, की कोल्ह्याचे लग्न लागले असे म्हणतात. तुमच्या घरीही असेच काही म्हणत असतील. पावसाचे थेंब उन्हात चमकत होते. दृश्य फार सुंदर होते. पण मोटारसायकल चालवणाऱ्याने दृश्याकडे पाहायचे नसते. मित्राने वेग कमी केला. रस्ता नुकता ओला झाला, म्हणजे सर्वांत निसरडा असतो, कारण रस्त्यावर सांडलेले तेल आणि साचलेली धूळ पहिल्या सरीने वर येते. दहा-पंधरा मिनिटे जोराचा पाऊस झाला, की ती वाहून जाते. काशीदला रस्त्याच्या कडेला सुरूची झाडे आहेत. त्यांची सुईसारखी पाने रस्त्यावर पडून ओली झाली, की तीही घसरवतात. वळणावर वाळू असते. अशा वेळी ब्रेक एकदम दाबायचा नाही. पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही हळूहळू, एकत्र लावायचे. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि डोक्यावर हेल्मेट हवेच. चालवणाऱ्याच्याही आणि मागे बसणाऱ्याच्याही. तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या गाडी चालवतील, म्हणून हे सांगितले.

मुरूडला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. गावाच्या पुढे राजपुरीजवळ रस्ता उंचावर चढतो आणि समोर समुद्रात जंजिरा किल्ला दिसतो. इथे मित्राने गाडी थांबवली. जंजिरा हा शब्द अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून झाला. हा किल्ला सिद्दींचा. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. ते उत्तम दर्यावर्दी होते. मराठ्यांनी हा किल्ला घेण्याचे अनेक वेळा प्रयत्न केले. छत्रपती शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग हा दुसरा जलदुर्ग बांधला. तरीही जंजिरा शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. चारही बाजूंना खारे पाणी असूनही किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची तळी आहेत. समुद्रात राहणाऱ्यांना पाण्याची केवढी काळजी घ्यावी लागली असेल, याचा विचार करा.

मित्र किल्ल्याकडे पाहत म्हणाला, "लहानपणी अब्बा मला इथे घेऊन यायचे. सुपारी विकून पैसे आले, की मुरूडला एक फेरी ठरलेली." मग त्याने पश्चिमेकडे पाहिले. समुद्राचा रंग बदलला होता. निळे पाणी शिशासारखे करडे झाले होते. तो म्हणाला, "चल. खाडी ओलांडायची आहे."

मुरूडजवळच्या आगरदांड्याहून खाडीपलीकडच्या दिघीला वाहने घेऊन जाणारी सपाट होडी सुटते. तिला सगळे जंगलजेटी म्हणतात. तिच्यावर ट्रक, मोटारी, मोटारसायकली, गावी निघालेली माणसे आणि कधी कधी शेळ्यासुद्धा असतात. आम्ही पोचलो तेव्हा होडी धक्क्याला लागलेली होती. पण तिचा तांडेल हात वर करून सगळ्यांना थांबवत होता. पूर्वेकडे डोंगर दिसेनासे झाले होते. तिकडून काळोख पुढे सरकत होता. वीज चमकली.

मित्राने मला सांगितले, "मोज." वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मी आकडे मोजले. पंधरा झाले. ध्वनी एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात. वीज पाच किलोमीटरवर होती. पुढच्या वेळी आकडा नऊ आला. वादळ आमच्याकडेच येत होते. तुम्हीही असे मोजू शकता. आकडा तीसपेक्षा कमी असेल, तर उघड्यावर, पाण्याजवळ किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात जावे. आम्ही सगळे धक्क्याजवळच्या इमारतीत शिरलो.

तिथे वीस-पंचवीस माणसे जमली. एक गृहस्थ मोटार घेऊन आले होते. ते चिडले होते. ते तांडेलाला म्हणाले, "अहो, पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. समोर दिघी दिसते आहे. आत्ता सोडलीत तर पाऊस यायच्या आत पोचू. मला संध्याकाळी कार्यक्रम आहे." तांडेल पन्नाशीचा होता. त्याने शांतपणे विडी विझवली आणि म्हणाला, "साहेब, दिसतं ते सगळं जवळ नसतं. मध्ये वारा फिरला, तर तुमच्या मोटारी एका बाजूला सरकतील आणि होडी कलेल. तुम्हाला घाई आहे ते खरं. पण या पोरांना पलीकडे उतरवायचं काम माझं आहे." एवढे बोलून तो बाहेर दोर तपासायला गेला. त्याच्यावर आणखी कुणी रागावले नाही.

मग पाऊस आला. पाऊस म्हणजे नुसता पाऊस नव्हे. समोरची होडी दिसेना. वाऱ्याने धक्क्यावरची एक पाटी उडवून पाण्यात टाकली. पत्र्यावर असा आवाज होत होता, की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. आम्ही दीड तास तिथे बसलो. मघाचे मोटारवाले गृहस्थ एका आजीबाईंना आपल्या थर्मासमधला चहा देत होते. वादळात माणसे अशी जवळ येतात.

पाऊस थोडा कमी झाल्यावर मित्र बोलू लागला. ते त्याने मला पूर्वी कधी सांगितले नव्हते.

"तुला ३ जून २०२० आठवतो? निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. दुपारची वेळ होती. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. त्या वेळी टाळेबंदी होती आणि मी मुंबईत अडकलो होतो. अब्बा-अम्मी घरात दोघेच. सकाळी फोन झाला आणि मग तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून अब्बांचा आवाज आला. मी विचारले, कसे आहात? ते म्हणाले, आम्ही ठीक. घराचे छप्पर गेले, ते होईल. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, वाडीत आता ऊन येते."

तुम्हाला या वाक्याचा अर्थ कळला का? पोफळीच्या वाडीत कधी ऊन येत नाही. उंच, सडपातळ पोफळी दाटीने उभ्या असतात, त्यांच्यामध्ये नारळ असतात, पोफळींवर मिरीचे वेल चढलेले असतात. खाली सदैव गार सावली आणि ओलावा. वाडीत ऊन आले, याचा अर्थ वाडी उरली नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागात त्या एका दुपारी नारळी-पोफळींच्या पुष्कळ बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. तिथे सुपारीचे संशोधन केंद्रही आहे. भाताचे पीक गेले, तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. पोफळीचे तसे नाही. रोप लावल्यापासून फळ यायला पाच-सात वर्षे लागतात.

मित्राच्या वडिलांनी २०२१ च्या पावसाळ्यात पुन्हा रोपे लावली होती. आता ती तीन वर्षांची झाली होती. वडील पंचाहत्तरीचे. हिशेब तुम्हीच करा.

"मला कळत नाही," मित्र म्हणाला, "वाडी ठेवून त्यांना राबवायचे, की विकून त्यांना मुंबईला न्यायचे. दोन्हीत काहीतरी चुकते आहे, असे वाटते."

मी काही बोललो नाही. अशा प्रश्नाला बाहेरच्या माणसाने उत्तर देऊ नये.

साडेचार वाजून गेल्यावर तांडेलाने वाऱ्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि मान हलवली. एकेक गाडी होडीवर चढली. खाडीचे पाणी गढूळ, तांबडे झाले होते. पण लाटा शांत होत्या. पश्चिमेला ढग फाटले होते आणि त्यातून तिरपे ऊन पाण्यावर पडले होते. तासापूर्वी इथे जीव मुठीत धरून माणसे बसली होती, हे सांगून खरे वाटले नसते.

दिघीहून बोर्ली पंचतन, मग दिवेआगर आणि तिथून समुद्राच्या अगदी काठाने शेखाडीवरून श्रीवर्धन असा रस्ता आहे. कोकणातल्या अतिशय देखण्या रस्त्यांपैकी हा एक. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा आणि मध्ये रस्त्याची अरुंद पट्टी. सूर्य बुडाला तेव्हा आम्ही त्याच रस्त्यावर होतो. दिवसभर समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे खारे वारे थांबले होते. थोड्या वेळाने अंगावर डोंगराकडून गार झुळूक आली. तुम्ही भूगोलात शिकला आहात ते हेच मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, रात्री ती समुद्राच्या आधी निवते, म्हणून वारा उलटा फिरतो. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी गालावर जाणवली, की तिचा कधी विसर पडत नाही.

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मित्राचे वडील ओट्यावर कंदील घेऊन बसले होते, कारण पावसाने वीज गेली होती. ते उठले आणि आधी मोटारसायकलकडे, मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "खाडीवर अडकलात ना? इथूनच वीज दिसत होती. म्हटले, तांडेल शहाणा असेल तर थांबवील." मित्राच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि गरम सार वाढले. त्या रात्री वाडीचा विषय कुणी काढला नाही.

सकाळी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. आम्ही वाडीत गेलो. मधोमध विहीर, तिथून निघालेले पाट आणि पाटांच्या दोन्ही बाजूंना रोपांच्या रांगा. पोफळीच्या कोवळ्या रोपांना ऊन सोसत नाही, म्हणून त्यांच्यामध्ये केळी लावल्या होत्या. जुन्या वाडीतल्या थोड्याच पोफळी उभ्या राहिल्या होत्या. एक पोफळ वादळात वाकली होती. पण मोडली नव्हती. तिचा शेंडा पुन्हा वर वळला होता. कालच्या पावसाने दोन केळी पडल्या होत्या. वडिलांनी त्या बाजूला केल्या आणि खालचे रोप हाताने चाचपून पाहिले.

मी विचारले, "चाचा, या वयात पुन्हा लागवड करावी असे तुम्हाला कसे वाटले?"

ते म्हणाले, "बेटा, मोठ्या पोफळी माझ्या आजोबांनी लावल्या होत्या. त्यांना त्यांची सुपारी किती वर्षे मिळाली, मला ठाऊक नाही. मला मात्र आयुष्यभर मिळाली. तुफानाने सहा तासांत जे नेले, ते परत यायला सहा वर्षे लागतात. आपण रोप लावायचे, एवढाच आपला हिशेब."

मग ते मुलाकडे वळले. "पण तुला खरे सांगतो. पंप सुरू करायला मला आता शेजाऱ्याला हाक मारावी लागते. खाली वाकलो, की उठवत नाही. वाडी प्रेमाने राहत नाही, पाण्याने राहते. तू पाणी देणार नसशील, तर विकून टाक. मी रागावणार नाही. फक्त माझ्यासाठी म्हणून ठेवू नकोस."

मित्र बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिला. मग त्याने पायांतल्या चपला काढल्या, फावडे घेतले आणि पावसाने फुटलेला पाट नीट करायला सुरुवात केली. काम करता करता तो रोपे मोजत होता. दुपारी त्याने भावाला फोन केला. बोलणे लांबले, आवाजही चढला. शेवटी तो म्हणाला, "तीन वर्षे थांबू. पाण्यासाठी गडी ठेवतो, त्याचा पगार मी देतो. दर महिन्याला मी स्वतः येऊन पाहीन. तीन वर्षांनी फळ धरले नाही, तर तू म्हणशील तसे करू." संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकालाही नकार कळवला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कोनाड्यातली विहिरीच्या पंपाच्या खोलीची किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट इथे पूर्ण झाली असे तुम्हाला वाटेल. पण झाडांच्या गोष्टी इतक्या लवकर पूर्ण होत नाहीत. माझा मित्र ठरल्याप्रमाणे दर महिन्याला श्रीवर्धनला जातो. कधी बसने, कधी मोटारसायकलने. खाडीवर कधी पंधरा मिनिटे लागतात, तर कधी दोन तास. थोरल्या भावाची नाराजी अजून पूर्णपणे गेलेली नाही. गड्याचा पगार देताना घरखर्चाची ओढाताण होते. पोफळींना अजून फळ धरलेले नाही आणि पुढच्या पावसाळ्यात काय होईल, हे कुणीही सांगू शकत नाही.

तुम्ही कधी त्या किनाऱ्याने गेलात, तर समुद्र पाहाच. त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण रस्त्याच्या आतल्या बाजूलाही नजर टाका. गडग्यांच्या पलीकडे केळींच्या सावलीत लहान लहान पोफळी उभ्या असतील. कुणीतरी त्यांना पाणी घालत असेल. त्यांना हात करा.